कुंपणापलीकडचा फगा

पोटात दुखायला लागलं तेव्हा पहिली गोष्ट मी ही केली, की घरी कुणाला सांगितलं नाही. परदेशात एकटी राहणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं हेच करतात, म्हणून हे लिहायला बसलोय. औषधांची नावं आणि रक्तातले आकडे यात नाहीत. ते ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांना विचारावेत. माझ्या बाबतीत काय घडलं आणि मी कुठे चुकलो, तेवढंच सांगतो.

मी राजापूर तालुक्यातला. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं काढली. शुऐब्याच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीचं पाइप आणि व्हॉल्व्ह ठेवायचं यार्ड आहे, तिथे मी स्टोअरकीपर. आधी कॅम्पात राहायचो, एका खोलीत सहा जण. कुणी घोरायचं, कुणी फोनवर भांडायचं, आंघोळीला रांग. मग यार्डातच राहणारा माणूस हवा होता म्हणून कंपनीने मला तिथली केबिन दिली. एक पलंग, एक एसी, एक शेगडी, आणि दार लावलं की शांतता. पहिला महिना मला राजा झाल्यासारखं वाटलं.

नंतर ती शांतता अंगावर यायला लागली. दुपारी चारला शेवटचा ट्रक गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. कधी कधी मी पाइपांवरचे नंबर मोठ्याने वाचायचो, आपला आवाज अजून आहे ना हे बघायला.

फगा

इथल्या वाळवंटात हिवाळ्यात पाऊस चांगला झाला, की महिना-दोन महिन्यांनी जमिनीखाली एक वस्तू तयार होते. बटाट्यासारखी दिसते, पण जात अळंबीची. कुवेती लोक तिला फगा म्हणतात. बाजारात तिचा मोठा मान. घरंच्या घरं गाड्या काढून वाळवंटात ती शोधायला जातात. ती वरून दिसत नाही. जमिनीला किंचित फुगवटा येतो, त्यावर केसाएवढी बारीक भेग पडते. ती भेग ओळखता आली पाहिजे.

आमच्या यार्डावर माल आणणारा ड्रायव्हर गुलखान, पेशावरकडचा पठाण. त्याने मला एकदा कुंपणामागच्या मोकळ्या जमिनीवर अशी भेग दाखवली. मी लहानपणी आईबरोबर वारुळांवरची अळंबी शोधत फिरलेला माणूस. एकदा पाहिल्यावर मला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. फेब्रुवारीत मी रोज सकाळी कामाच्या आधी तासभर कुंपणाच्या तुटक्या जाळीतून पलीकडे जायचो आणि पिशवी भरून परत यायचो.

तो तास मला काय देत होता हे सांगणं अवघड आहे. एकोणीस वर्षांत या जमिनीशी माझा काही संबंध आला नव्हता. ती नुसती बुटात शिरायची. आता ती मला काहीतरी देत होती, आणि ते शोधायला माझेच डोळे लागत होते.

एकट्या माणसाला इतकं संपणार नाही म्हणून मी चकत्या करून केबिनच्या छपरावर चादरीवर वाळवल्या. इथले लोक फग्याची साल नीट सोलून काढतात. मी नाही काढली. सालीत चव असते, असं आमच्या घरात म्हणतात. वरवर धुवायचं, वाळवायचं, मिक्सरमधून भुकटी करायची. तीन मोठ्या बरण्या भरल्या. मग आमटीत दोन चमचे, अंड्यात दोन चमचे, मासळीच्या कालवणात दोन चमचे. खमंग लागायचं. मी नशीबवान आहे असं मला वाटायचं.

ठणठणीत

मेमध्ये पोटात कळा यायला लागल्या. साध्या दुखण्यासारख्या नाहीत. आतून कुणीतरी ओलं फडकं पिळावं तशा. शौचाला पाच-पाच, सहा-सहा दिवस होत नसे. तोंडात खिळा धरल्यासारखी चव. जवळच्या दवाखान्यात गेलो, त्यांनी अॅसिडिटी सांगून गोळ्या दिल्या. उन्हाळा आहे, पाणी जास्त प्या, म्हणाले. मी प्यालो. कळा थांबल्या नाहीत.

त्याच सुमाराला इस्माईलभाई गावी निघाले होते. ते जैतापूरकडचे. सालमियात त्यांचं बॅगांचं दुकान आहे. माझ्याआधी दहा वर्षं ते इथे आले, आणि कुवेतमध्ये माझ्याशी आमच्याकडचं मराठी बोलणारं ते एकच माणूस. मी त्यांच्याबरोबर घरासाठी एक पुडी दिली, त्या भुकटीची. त्यांनाही देऊ केली होती, पण वास उग्र आहे म्हणून त्यांनी स्वतःसाठी घेतली नाही.

माझी मुलगी अश्विनी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सहावा महिना सरत आला होता. पुडी पोहोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. डॉक्टरांनी तिला रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं. पुडी हातात धरून तिने विचारलं, "बाबा, हे मी खाल्लं तर चालेल का?"

मी म्हणालो, "खा की. ताकदीचं असतं. मी रोज खातो, बघ कसा ठणठणीत आहे."

ते म्हणताना फोनच्या चौकटीखाली मी गरम पाण्याची पिशवी पोटावर दाबून धरली होती. चेहरा तेवढा दिसेल असा फोन पेटीला टेकवून ठेवला होता. पुढे हॉस्पिटलमध्ये मला सगळ्यात जास्त छळलं ते कुठल्या सुईने नाही. या वाक्याने.

कुलूप

जूनच्या शेवटी उजवं मनगट ऐकेनासं झालं. आधी रजिस्टरमधली सही वाकडी यायला लागली. मग एका सकाळी गेटचं कुलूप उघडेना. किल्ली आत जात होती, पण फिरवायला हातात जोरच नव्हता. बाहेर गुलखान ट्रक घेऊन उभा. मी डाव्या हाताने उजवा हात धरून किल्ली फिरवायचा प्रयत्न करत होतो, तेवढंच आठवतं. पुढचं त्याने सांगितलं. मी गेटला धरून खाली बसलो आणि मग आडवा झालो. तो गेटवर चढून आत आला आणि मला ट्रकमध्ये घालून सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर इजिप्तच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळायचं. राहिलेलं केरळच्या जेसी सिस्टर हिंदीतून सांगायच्या. रक्त खूपच कमी झालं होतं. पहिल्या दिवशी सगळे पोटाभोवतीच फिरत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलायला सांगितलं. डावा उचलला गेला. उजवा खाली लोंबकळत राहिला. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. राउंडवरचे डॉक्टर बसत नाहीत. तेव्हाच मला भीती वाटली.

त्यांनी खूप प्रश्न विचारले. रंगाचं काम करता का, बॅटऱ्यांचं करता का, सुरमा लावता का, गावाकडची काही भस्मं घेता का. मी सगळ्याला नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट घेऊन त्या पुन्हा आल्या. तुमच्या रक्तात शिसं आहे, आणि ते भरपूर आहे, असं त्यांनी सांगितलं. जेसी सिस्टरांना शिशाला हिंदी शब्द आठवेना. त्यांनी वहीत पेन्सिलचं चित्र काढलं, मग ते खोडलं, आणि मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसले मणी काढले. मला कळलं. आमच्याकडे जाळ्याला शिसंच लावतात.

मग डॉक्टरांनी विचारलं, "असं काय आहे, जे इथे फक्त तुम्हीच खाता?"

मी फग्याच्या भुकटीचं सांगितलं. त्या आधी हसल्या. फगा तर सगळं कुवेत खातं, त्या स्वतःही खातात. मग त्यांनी विचारलं, कुठून काढला. मी शुऐबा म्हणालो, यार्डाच्या मागे. त्यांचं हसू थांबलं. सालीसकट दळल्याचं सांगितल्यावर त्यांनी जेसी सिस्टरांकडे पाहिलं. बरणी मागवा, म्हणाल्या.

तीन दिवस

गुलखानने बरणी आणून दिली. ती तपासायला गेली. उत्तर यायला वेळ लागणार होता.

इथे मी जे केलं ते लिहायला जड जातं, पण ते सोडलं तर बाकी लिहिण्याला अर्थ नाही. बरणी नेली त्या क्षणी मला अश्विनी आठवली होती. पुडी आठवली होती. तरी मी फोन केला नाही. रिपोर्ट येऊ दे, उगाच पोटुशीला घाबरवायचं कशाला, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. फोन केला असता तर मी हॉस्पिटलात आहे हे सांगावं लागलं असतं. दोन महिने आजारी आहे हे सांगावं लागलं असतं. तिला मारलेली थाप कबूल करावी लागली असती. तीन दिवस मी छताकडे बघत पडलो होतो, आणि तीन दिवस तिकडे माझी मुलगी ती भुकटी खात होती.

शुक्रवारी दुकान दुपारपर्यंत बंद असतं. गावाहून परतलेले इस्माईलभाई सकाळीच बसने आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पावसकर," ते म्हणाले, "ती पुडी माझ्या हाताने गेलीय. आत्ता तुम्ही फोन लावा. नाहीतर मी लावतो."

त्यांनीच नंबर लावला, कारण माझ्या बोटांना जमत नव्हतं. माझ्या बायकोने, वैशालीने, उचलला. मी सांगितलं. ती भुकटी फेकून दे, अश्विनीचं रक्त तपासायला घेऊन जा, मी हॉस्पिटलात आहे.  तिने एकच विचारलं, "दुखतंय कधीपासून?"

"मेपासून."

मागे अश्विनी होती. तिने फोन घेतला असावा. तिचा आवाज अगदी शांत होता.

"बाबा, मी तुम्हाला विचारून खाल्लं होतं."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. इस्माईलभाई खिडकीशी जाऊन उभे राहिले. 

वॉर्डातले दिवस

औषध कॅप्सूलमध्ये होतं, पण बाटली उघडली की सडलेल्या अंड्यांचा वास यायचा. घेतल्यावर माझ्या घामालाही तोच वास. शेजारच्या खाटेवरचे अबू करीम, सीरियाचे फरशी बसवणारे कारागीर, पाय मोडून पडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा ओढून घेतला. मला राग आला नाही. मलाच माझा वास सहन होत नव्हता.

दिवसभराची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवावी लागे. शरीरातलं शिसं किती निघतंय ते त्यावरून कळतं. तो कॅन खाटेखाली, आणि त्यावर माझं नाव इंग्रजीत चुकीचं लिहिलेलं. सकाळी सहाला रक्त, सातला चहा, मग राउंड, मग हातासाठी व्यायाम. एक रबरी चेंडू दिला होता, तो दाबायचा. तो दाबला जायचा नाही.

संध्याकाळी भेटायची वेळ व्हायची, तेव्हा वॉर्ड भरून जायचा. डबे उघडायचे, मुलं खाटांवर चढायची, अरबी, मल्याळी, बंगाली सगळं एकदम. इस्माईलभाई शुक्रवारी यायचे, बाकीचे सहा दिवस माझ्याकडे कुणी नसायचं. मी त्या वेळी डोळे मिटून पडायचो. झोपलेल्या माणसाकडे कुणी का येत नाही, असं कुणाला वाटत नाही. त्या दोन तासांत मी कधीच झोपलो नाही.

एका संध्याकाळी ताटात संत्रं होतं. मी डाव्या हाताने ते सोलायचा प्रयत्न केला. ते निसटून खाली गडगडलं आणि अबू करीमच्या खाटेखाली गेलं. त्यांच्या सुनेने ते उचलून त्यांना दिलं. त्यांनी ते सोललं, फोडी सुट्या केल्या, वरचे पांढरे दोरेसुद्धा काढले, आणि सुनेच्या हाती माझ्याकडे पाठवलं. आम्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या दिवसापासून पडदा उघडा राहिला, आणि माझं संत्रं रोज त्यांच्याकडून सोलून यायला लागलं.

बरणीचा रिपोर्ट आला. शिसं, आणि थोडं कॅडमियमही. डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. अळंबीची जात जमिनीतले धातू ओढून घेते. फग्याच्या सालीच्या खाचांत माती बसते, ती वरवर धुऊन निघत नाही. मी सालीसकट दळलं होतं, म्हणजे मातीच दळली होती. फगा वाईट नाही, त्या म्हणाल्या, जागा वाईट होती. गुलखानने चौकशी केली तेव्हा कळलं, की माझ्या आधीच्या काळात कुंपणामागे एक भंगारवाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा. तो गेला. जमिनीत उतरलेलं तिथेच राहिलं.

रत्नागिरीहून

घरून फोन येत नव्हता. वैशालीचे मेसेज यायचे, दोन-तीन शब्दांचे. रक्त दिलं. मुंबईला पाठवलंय. आठ दिवस लागतील. मी लांबलचक उत्तरं लिहायचो, डाव्या हाताच्या अंगठ्याने, आणि खोडून टाकायचो. शेवटी पाठवायचो, बरं.

त्या आठ दिवसांत मी देवाला काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. चेंडू दाबत राहिलो.

रिपोर्ट आला. तिच्या रक्तातही शिसं होतं. माझ्याइतकं नाही, पण गरोदर बाईच्या रक्तात असावं त्याहून जास्त. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लोह आणि कॅल्शियम वाढवलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावलं. नंतरच्या तपासणीत ते उतरत होतं. मी अडीच आठवड्यांनी घरी, म्हणजे केबिनमध्ये, परत आलो. उरलेल्या दोन बरण्या हॉस्पिटलने सांगितल्याप्रमाणे सीलबंद करून त्यांच्याकडे पोहोचवल्या.

सप्टेंबरमध्ये अश्विनीला मुलगी झाली. वजन जरा कमी. तिचंही रक्त तपासलं. थोडं आढळलं. आता ती वर्षाची होत आलीय आणि प्रत्येक तपासणीत ते कमी होत गेलंय. उशिरा का होईना, रांगायला लागली. डॉक्टर म्हणतात वाढ ठीक आहे, पण शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवा. म्हणजे ही गोष्ट पूर्ण संपलेली नाही. संपली असं मी लिहिणार नाही.

बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा अश्विनीचा फोन आला. अडीच महिन्यांत पहिलाच. बाळाचं सगळं सांगून झाल्यावर ती थांबली. मी माफी मागायला सुरुवात केली. फगा, माती, साल, मला काय माहीत, असं काहीतरी बोलत सुटलो. तिने मला थांबवलं.

"फग्याचं तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा. त्याचा राग नाही. ठणठणीत म्हणालात, ते तर माहीत होतं."

 

पुढचा हिवाळा

परत पाऊस झाला. फेब्रुवारीत कुंपणामागे माणसं दिसायला लागली. मी कंपनीला सांगून जाळी दुरुस्त करून घेतली होती, पण पलीकडच्या बाजूने जमीन मोकळीच. मी इस्माईलभाईंकडून अरबी आणि उर्दूत, गुलखानच्या मित्राकडून बंगालीत पाट्या लिहून घेऊन तिथे लावल्या. काही लोक वाचून परतायचे. काहींना वाटायचं, याला सगळा फगा एकट्याला हवाय.

एकदा एक म्हातारे कुवेती गृहस्थ काठी टेकत आले. टोपली अर्धी भरलेली. मी जाळीपाशी जाऊन माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, आणि शब्द संपले तेव्हा उजवा हात पुढे केला. मनगट अजून पूर्ण वर येत नाही, बोटं थरथरतात. त्यांनी जाळीतून तो हात बघितला. मग टोपली जमिनीवर उपडी केली आणि काठीने त्यावर माती लोटली. जाताना त्यांनी मला विचारलं, इथे तुझं माणूस कोण आहे. मी म्हणालो, इथे कुणी नाही, गावी आहेत.

"मग त्यांना सांगत जा," ते म्हणाले. काय सांगत जा, ते नाही बोलले.

जे कुणी हे वाचत असेल, एखाद्या केबिनमध्ये, कॅम्पात, किंवा आठ जणांच्या खोलीत असूनही एकटं, त्याला माझ्याकडे द्यायला फार काही नाही. कुठे उगवलंय ते माहीत नसेल तर रानातलं काही तोंडात घालू नका. आणि दुखत असेल तर घरी सांगा. आपण त्यांना काळजीपासून वाचवतोय असं वाटतं. ती मंडळी मात्र आपल्या शब्दावर विसंबून घास घेत असतात.

अश्विनी आता दर शुक्रवारी फोन करते. तिने एक नियम घातलाय. आधी दुखण्याचं सांगायचं, मग बाकीचं. मी खोटं बोललो तर कळेल, असं ती म्हणते. कळत असेलही. सुरुवातीला मला लाज वाटायची, मुलीपुढे काय कण्हायचं. आता सवय झालीय. ती ऐकते, कधी विचारते, कधी नुसतं हं म्हणते, मागे बाळाची बडबड चालू असते.

गेल्या शुक्रवारी सांगण्यासारखं फारसं नव्हतं. डावा गुडघा जरा दुखत होता. तोही सांगितला.